खोका की आरास

चैत्र लागला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. चैत्रगौरीची आरास मांडायची असते. डबे आणि पाट रचून केलेल्या पायऱ्या, त्यांवर जरीकाठाची साडी, वर झोपाळ्यात गौर. खालच्या पायऱ्यांवर तीन पिढ्यांत जमलेली खेळणी: सावंतवाडीची लाकडी फळं, मान हलवणारा म्हातारा, काचेचं बदक, कान उडालेला चिनीमातीचा कुत्रा, बत्तोबाईची कापडी नवरा-नवरी. मी शाळेत असताना एका वर्षी या मंडळींत हिरव्या प्लास्टिकचा एक सैनिक गुपचूप उभा केला. आजीच्या लक्षात आलंच. तिनं त्याला काढलं नाही. हातातली बंदूक तेवढी काढून घेतली, गुडघ्यांत वाकवून बसता केला आणि पुढ्यात कैरीच्या डाळीची इवलीशी वाटी ठेवली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी सगळ्यांत जास्त कौतुक त्याचंच केलं.

अ‍ॅक्शन फिगर जमवणाऱ्यांच्या जगात, म्हणजे सांधे हलणाऱ्या छोट्या पात्रमूर्तींच्या जगात, एक भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. मूर्ती सीलबंद खोक्यातच ठेवायची, की बाहेर काढून हाताळायची? पहिला पक्ष म्हणतो, खोका फोडला की किंमत गेली. दुसरा म्हणतो, हात हलवता येणार नसतील तर खांद्याला सांधा दिलाच कशाला? मी दोन्ही पक्षांत राहून आलो आहे. पण आधी भांडणाचा विषय पाहू.

एका कार्टून कुटुंबाचं उदाहरण यासाठी फार सोयीचं आहे. मॅट ग्रेनिंगचे पिवळे सिम्पसन 1987 साली अमेरिकेत ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमात छोट्या तुकड्यांमधून दिसू लागले. 17 डिसेंबर 1989 पासून त्यांची स्वतंत्र मालिका झाली आणि ती अजून चालू आहे. होमर, मार्ज, बार्ट, लिसा, मॅगी. बाप अणुवीज केंद्रात नोकरीला, आई घरात, तीन मुलं, एक कुत्रा, एक मांजर. 1990 साली मॅटेलनं त्यांच्या काही मूर्ती काढल्या. सोबत बोलण्याचे फुगे असत, ते बदलता येत. खरा पसारा मात्र प्लेमेट्स या कंपनीनं मांडला. 2000 ते 2004 या काळात ‘वर्ल्ड ऑफ स्प्रिंगफील्ड’ नावानं सोळा खेपांत दोनशेहून अधिक मूर्ती बाजारात आल्या.

या दोनशेंत कुटुंब किती? पाच. बाकी सगळं गाव. शाळेचे मुख्याध्यापक, बसचालक, दारूच्या गुत्त्याचा मालक, पाद्री, पोलीस, भ्रष्ट महापौर, कॉमिक्सच्या दुकानातला जाड्या, एका भागात दोन वाक्यं बोलून गेलेली माणसं. मग त्याच होमरचे पुन्हा वेगवेगळे कपडे. माझ्या मते या मालिकेची खरी करामत इथेच आहे. कंपनीनं विकायला काढलं कुटुंब आणि लोकांना जमवायला लावलं गाव. घर पाच माणसांत पुरं होतं, गाव कधीच पुरं होत नाही. शेजारच्या नेडला आणलं की त्याची दोन मुलं हवीशी वाटतात, ती आली की त्यांचं चर्च. ज्यांच्या घरी दिवाळीत मातीचा किल्ला होतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. महाराज एकच लागतात, पण मावळे कितीही आणले तरी कमीच पडतात, आणि मग एक गवळण, एक वाघ, एक विहीर.

गावाला जागाही हवी. म्हणून घर, दुकान, शाळा, वीज केंद्र असे सेट निघाले. मूर्तीचे पाय सेटमधल्या ठरलेल्या जागी रोवले की आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पात्र ओळखायची आणि त्याच्याच आवाजात बोलायची. दुसरं पात्र शेजारी उभं केलं की त्याचं वेगळं वाक्य. सुरुवातीला मार्ज आणि मॅगी सुट्या मिळत नसत, त्या दिवाणखान्याच्या सेटबरोबर यायच्या. होमर एकटा दुकानात टांगलेला आणि आई मात्र कोचासकट घ्यायची. याकडे कुणी विनोद म्हणून पाहावं, कुणी घराघरातली वस्तुस्थिती म्हणून.

दुकानाच्या सेटबरोबर अपू आला. अपू नहासपीमापेटिलन, किराणा दुकान चालवणारा भारतीय. अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांना या पात्रानं शाळेत पुष्कळ छळलं. हरी कोंडाबोलू या विनोदकारानं 2017 साली त्यावर माहितीपटच काढला, आणि 2020 मध्ये हँक अझारिया या गोऱ्या नटानं अपूला आवाज देणं थांबवलं. न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या आतेभावाकडे या मालिकेचे तीसेक नग होते. घर बदलताना त्यानं ते सगळे मला देऊन टाकले, अपूसुद्धा. इथे ग्वाल्हेरला कुणालाच अपूत टोचण्यासारखं काही दिसलं नाही. दाल बाजारातल्या दुकानदारासारखा दिसतो, एवढीच त्याच्यावरची टीका. मूर्ती तीच, पण ती कुठल्या कपाटात उभी आहे त्यावर तिचा अर्थ फिरतो.

चपट्या चित्राला मूर्तीत आणणं सोपं नसतं. बार्टच्या डोक्यावर नऊ टोकं आहेत, पण ती समोरून आणि बाजूनं सारखीच काढली जातात. त्या चित्राला पाठच नाही. होमरच्या टकलावरचे दोन केस प्लास्टिकमध्ये आणले की ते मोडायला टपलेलेच असतात. मार्जचा निळा केशसंभार तिला तोल सांभाळू देत नाही. म्हणूनच या मूर्तींना सांधे कमी आहेत. मान फिरते, हात वरखाली होतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट तिथेच संपते. सांधे वाढवले असते तर रेषा बिघडली असती. सांधा म्हणजे शिल्पाला पाडलेली चीर, आणि हे लक्षात आलं की कुठल्या मूर्तीचं कौतुक सांध्यांवर करायचं आणि कुठल्या मूर्तीचं रेषेवर, हे आपोआप कळतं.

‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्दच मुळात लाजेपोटी जन्मला. 1964 साली हॅस्ब्रो कंपनीनं जी. आय. जो हा वीतभराहून उंच सैनिक काढला. त्याला कपडे होते, ते बदलता येत. म्हणजे ती बाहुलीच होती. पण बाप आपल्या मुलग्यासाठी बाहुली विकत घेईना, म्हणून नाव बदललं. पुढे गंमत अशी झाली की अमेरिकेत बाहुल्यांवर 12 टक्के आयात कर होता आणि खेळण्यांवर 6.8 टक्के. त्यावरून एक्स-मेनच्या मूर्ती कोर्टात गेल्या. 2003 साली निकाल लागला की ही पात्रं पुरेशी माणसं नाहीत, म्हणून या बाहुल्या नव्हेत. सगळी चित्रकथा ‘आम्हीही माणसंच आहोत’ म्हणून ओरडत असते, आणि तिच्याच मालकांनी पाच टक्के वाचवायला उलटं सिद्ध करून दाखवलं.

खोक्याच्या भक्तीचा कळसही अमेरिकेतच. 1977 च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ आला. केनर कंपनीला नाताळपर्यंत मूर्ती तयार करता येईनात. तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याचं पाकीट विकलं: आत चित्रं आणि एक कूपन. कूपन पाठवायचं, मग पुढच्या वर्षी टपालानं चार मूर्ती घरी. लोकांनी नाताळच्या झाडाखाली रिकामं पाकीट ठेवलं. आज ते पाकीटसुद्धा जमवतात.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ लागायचा त्या दिवसांत त्याच्या मूर्ती इथे लिओ मॅटेल या नावानं निघाल्या. लिओ म्हणजे ब्लो प्लास्ट, व्हीआयपी बॅगा बनवणारे. जी. आय. जो बनवला फनस्कूलनं. 1987 साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला. म्हणजे एक नायक सूटकेसवाल्यांच्या घरचा, दुसरा टायरवाल्यांच्या. परदेशातून आलेले जुने साचे इथे वापरले जात. त्यांत एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसे, खाकीच्या जागी पोपटी रंग येई. ‘स्ट्रीट हॉक’ ही मोटरसायकलवाल्याची मालिका दूरदर्शनवर गाजली, तर जी. आय. जोचेच सुटे भाग जुळवून त्याचीही मूर्ती झाली. आमच्या लेखी हा जुगाड होता. परदेशातले संग्राहक आता नेमक्या याच भारतीय नगांच्या मागे असतात, कारण असे रंग आणि असे जोड दुसरीकडे कुठे झालेच नाहीत.

आराशीत बसलेला माझा सैनिक फनस्कूलचाच. त्याच्या पोटात एक काळं रबरी कडं असतं. छाती आणि पाय त्याच्यावर ताणून धरलेले असतात. पाठीतला एक स्क्रू काढला की सगळा माणूस सुटा होतो. या रबराला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उष्मा. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीस ओलांडतो, भर दुपारी लू सुटते, माळ्यावर तर भट्टीच असते. दहा उन्हाळ्यांनंतर एका चैत्रात ट्रंक उघडली तेव्हा सैनिक दोन तुकड्यांत पडला होता. कंबरेचं कडं चिकट होऊन तुटलं होतं. नळाच्या वायसरांच्या दुकानात त्या मापाचं कडं दोन-तीन रुपयांत मिळालं. त्या दिवशी बाडा बाजारातल्या हार्डवेअरवाल्याला माझ्याबद्दल काय वाटलं असेल ते सोडा, पण माणूस पुन्हा उभा राहिला.

पिवळ्या मूर्तींचे आजार निराळे. मऊ प्लास्टिकमधलं तेल वर येऊन अंग चिकट होतं, त्यावर धूळ बसते. पांढरे भाग उन्हानं पिवळे पडतात, आणि पिवळे फिके. थंडीत सांधा अडला तर जोर लावू नये. कोमट पाण्यात दोन मिनिटं धरावं, मग हलकेच फिरवावं. खोबरेल घालू नये, आमच्याकडे ते एकदा झालंय. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत. नॅफ्थलीननं काही प्लास्टिकं मऊ पडतात, रंग सुटतो. इथे आजीची आणि माझी पद्धत वेगळी झाली. बाकी सगळं तिच्याच पद्धतीनं: जुनी सुती साडी, वाळलेला कडुलिंब, आणि वर्षातून एकदा बाहेर काढून वारं देणं. खोक्यात सीलबंद राहिलेल्या नगाला हे वारं मिळत नाही. त्याचं तेल त्याच्याच पारदर्शक कवचात कोंडतं, आणि बाहेरून ‘मिंट’, म्हणजे कोराकरकरीत, दिसणारा नग आतून घामेजून जातो. सीलबंद पक्षाला मी हे अनेकदा सांगून पाहिलं आहे. ते मान हलवतात, खोका उघडत नाहीत.

ग्वाल्हेरात हे मिळतं कुठे? उत्तर लहान आहे: फारसं कुठेच नाही. हिवाळ्यात मेळा भरतो, माधवराव शिंदे महाराजांनी 1905 साली सुरू केलेला. आता तिथे मोटारींवरच्या रोड टॅक्सच्या सवलतीसाठी झुंबड उडते, पण खेळण्यांच्या रांगा अजून आहेत. त्यांत शिनचॅन, डोरेमॉन, छोटा भीम यांच्या नकली मूर्ती ढिगानं. दिल्लीच्या सदर बाजारातून गोण्यांनी येतात. भीमाच्या अंगावर निळं धोतर, शिनचॅनच्या भुवया एक वर एक खाली. सांधे नावालाच. यांतल्या निम्म्या पुढे केकवर बसतात. नव्या पिढीचं टीव्हीवरचं कार्टून कुटुंब म्हणाल तर हेच, शिनचॅनचं नोहारा कुटुंब. हंगामा वाहिनीवर 2006 साली ते आलं, मधे सरकारनं काही काळ बंदही केलं, तरी आज लष्करातलं कुठलंही पोर त्याच्या आईबापांची नावं सांगेल. सिम्पसन नव्वदीत केबलवर इंग्रजीत दिसले, हिंदीच्या गावात त्यांना घर मिळालं नाही. जमवायला सोपं काय असतं, तर चॉकलेटच्या अंड्यातलं खेळणं. ती अंडी बारामतीच्या कारखान्यात बनतात, आणि माझ्या भाचीनं त्यातल्या मूर्तींचे बरणीभर नग जमवलेत. तिला कुणी संग्राहक म्हणत नाही.

बाहेरून मागवायचं तर सरकार आडवं येतं. खेळण्यांवरचा आयात कर 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 वर गेला, 2023 साली 70 वर. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांना आयएसआयची खूण सक्तीची. भेट म्हणून पाठवलेलं पार्सल करमुक्त सोडण्याची सोय डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखी सुटते, होमर अडकतो. देशी कारागिरांना आणि कारखान्यांना याचा फायदा झाला हे खरं, आणि मी त्याबद्दल कुरकुरणार नाही. पण पन्नाशीला आलेल्या माणसासाठी पंचवीस वर्षांपूर्वीची मूर्ती हे ‘मुलांचं खेळणं’ नव्हे, हे पटवून देताना घाम फुटतो. माझं एक पार्सल असंच महिनाभर कुठेतरी पडून राहिलं. आलं तेव्हा होमरचे दोन्ही केस मोडलेले.

या शहराला मोठ्या माणसांच्या खेळण्यांचं वावडं मात्र कधीच नव्हतं. जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहात लांब टेबलावर रूळ आहेत, त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांसमोर दारू आणि सिगार घेऊन फिरायची. डब्यांवर इंग्रजीत शिंदे घराण्याचं नाव, एका डब्याला एक अक्षर, एकूण सात. डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबायची, ठेवली की पुढे निघायची. मेळा सुरू करणाऱ्या माधवराव महाराजांच्याच काळात रियासतीत दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे पसरली. ती पुढे श्योपूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर धावत राहिली, 2020 साली थांबली. टेबलावरची गाडी आता संग्रहालयात काचेमागे आहे, म्हणजे शेवटी ती खोक्यातच गेली. पण तिची आठवण काढताना चांदीचं वजन कुणी सांगत नाही. सुरई उचलली की ती थांबायची, हेच सांगतात. गुजरी महालाच्या संग्रहालयात ग्यारसपूरची दगडी शालभंजिका कुलपात पाहायला मिळते, आणि ते योग्यच आहे. ती हजार वर्षांची आहे, एकच आहे, आणि तिचा हात हलवायचा नसतो. कारखान्यात लाखांनी निघालेल्या मूर्तीला तोच मान देणं मला जरा हास्यास्पद वाटतं.

बत्तोबाईच्या बाहुल्यांचं उलट आहे. ग्वाल्हेरची ही ओळख: चिंध्या, कापूस, जरीचे तुकडे, काळ्या दोऱ्यानं काढलेले डोळे. सांधे नाहीत, पण कापडच असल्यानं सगळं अंग वळतं. या बहुधा जोडीनं घेतात, कारण त्या लग्नासाठी असतात. अक्षय्य तृतीयेला, इकडच्या बोलीत अकतीला, मुली बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, वरात काढतात, जेवण घालतात. वर्षभर जपून ठेवलेली जोडी हळदीनं माखते, पावसात भिजते, पुढच्या वर्षी नवी येते. सीलबंद पक्षाच्या लेखी हा सत्यानाश. मला मात्र यात एक फार शहाणा हिशेब दिसतो, कारण दरवर्षी नवी जोडी लागते म्हणूनच ती बनवणारे हात राहिले.

आणि याच तिथीला आमची चैत्रगौर उठते. चैत्र शुद्ध तृतीयेला बसलेली गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत झोपाळ्यावर असते. एका गल्लीत, एकाच दिवशी, शेजारच्या गुप्तांच्या अंगणात बाहुल्यांची वरात आणि आमच्या ओसरीवर आरास आवरणं. लहानपणी मी दोन्हीकडे होतो. तिकडे वापरून संपवायचं, इकडे मांडून पुन्हा ठेवायचं.

आराशीचा नियम साधा आहे. काय जमवलं यापेक्षा काय कुणाशेजारी ठेवलं, याला महत्त्व. किंमत कुणी विचारत नाही. फुटका कुत्रा पहिल्या पायरीवर आणि परदेशातलं घड्याळ शेवटच्या, असंही होतं. गेली काही वर्षं आरास मांडायचं काम माझ्याकडे आहे. मार्ज पहिल्यांदा झोपाळ्याच्या जवळ ठेवली होती. तिचे केस गौरीपेक्षा उंच झाले, तेव्हा वहिनीनं तिला दोन पायऱ्या खाली आणलं. होमर कोचावर, बार्ट लाकडी फळांच्या मागे लपलेला, अपूचं दुकान बत्तोबाईच्या नवरा-नवरीशेजारी, लग्नाच्या खरेदीला सोयीचं. सैनिक नव्या रबरी कड्यावर बसलेला, पुढ्यात डाळीची वाटी. सेटमधल्या बॅटऱ्या मी बदलल्या नव्हत्या. तरी हळदीकुंकवाच्या गर्दीत कुणाच्या तरी पोरीनं मॅगीला कोचावर घट्ट दाबून बसवलं, आणि दिवाणखाना खरखरत, अर्धवट, अमेरिकन इंग्रजीत काहीतरी बोलला. बायका दचकल्या. आत्या म्हणाली, गौरीला पन्हं हवं असेल.